चोपन्न वर्षांची एक भूमिका : हेलन वॅग्नर यांच्या अभिनयाचा विचार

नाट्यसमीक्षेने नटाच्या कलेचा जो विचार आजवर केला, त्याच्या मुळाशी एक गृहीतकृत्य आहे : नाटकाला शेवट असतो. पडदा पडतो, भूमिकेचा आरंभ, विकास आणि परिणती ही तिन्ही प्रेक्षकाच्या मनात एकत्र उभी राहतात, आणि त्या समग्र आकृतीच्या आधारे नटाने भूमिका पेलली की नाही हे ठरवता येते. संहिता स्थिर असते, प्रयोग बदलतात. एकाने केलेली भूमिका दुसऱ्याने केली म्हणजे तुलनेलाही जागा होते. दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकेने, अमेरिकेत जिला ‘सोप ऑपेरा’ या काहीशा कुत्सित नावाने ओळखतात त्या प्रकाराने, हे सारे आधार एकदम काढून घेतले. तेथे शेवट ठरलेला नसतो, संहिता एकदा वापरून बाजूस पडते, आणि कोणताही प्रवेश पुन्हा होत नाही. अशा प्रकारात ज्यांनी आयुष्य घालवले त्या कलावंतांविषयी समीक्षेने बहुधा मौनच पाळले आहे. लिहिले गेले ते त्यांच्या लोकप्रियतेविषयी, नाही तर वर्षांच्या मोजदादीविषयी. हेलन वॅग्नर यांच्या वाट्याला ही मोजदाद विशेषच आली. दूरचित्रवाणीवर एकच भूमिका सर्वाधिक काळ करणाऱ्या कलावंत म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथात त्यांची नोंद झाली, आणि त्या नोंदीखाली त्यांचा अभिनय जणू झाकला गेला.

वॅग्नर यांचा जन्म टेक्सासमधील लबक येथे ३ सप्टेंबर १९१८ रोजी झाला. इलिनॉयमधील मॉनमथ कॉलेजातून १९३८ साली पदवी घेऊन त्या पुढे न्यूयॉर्कच्या रंगभूमीकडे वळल्या. गायनाचे अंग असल्यामुळे संगीतकांतून त्यांना कामे मिळाली. १९५२ साली ‘द गायडिंग लाइट’ ही रेडिओवरील मालिका दूरचित्रवाणीवर आली तेव्हा तीत त्यांनी ट्रूडी बाउअर हे पात्र काही काळ रंगवले. १९५४ साली रॉबर्ट विली या नाट्यनिर्मात्याशी त्यांचा विवाह झाला. पूर्वचरित्राचा एवढा तपशील प्रस्तुत विवेचनास पुरेसा आहे. कारण ज्या कामाने त्यांची ओळख घडली ते त्यानंतरचे आहे, आणि त्याचा आरंभ २ एप्रिल १९५६ या दिवशी झाला.

त्या दिवशी सी.बी.एस. वाहिनीवर ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ या मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. मालिकेची जननी अर्ना फिलिप्स. १९३० पासून रेडिओसाठी कौटुंबिक मालिका लिहून या प्रकाराचे व्याकरण ज्यांनी सिद्ध केले, त्यांत या बाईंचे स्थान अग्रभागी आहे. तोपर्यंत दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिका पंधरा मिनिटांची असे. फिलिप्स यांनी अर्ध्या तासाचा आग्रह धरला, आणि प्रायोजक प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबण बनवणाऱ्या कंपनीने तो अखेर मान्य केला. (त्याच दिवशी ‘द एज ऑफ नाइट’ ही दुसरी अर्ध्या तासाची मालिकाही सुरू झाली.) वाढीव पंधरा मिनिटांत अधिक घटना कोंबाव्यात असा फिलिप्स यांचा विचार नव्हता. त्यांना हवा होता संथपणा. दोन माणसे स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून बोलत आहेत, एकाने काही सांगितले, दुसऱ्याने ऐकले, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते सांगणे मुरेपर्यंत कॅमेरा तेथेच थांबला, ही त्यांच्या कल्पनेतील मालिका. इलिनॉयमधील ओकडेल हे काल्पनिक गाव, तेथील वकील ख्रिस ह्यूज, त्याची पत्नी नॅन्सी, त्यांची मुले, आणि शेजारचे लॉवेल कुटुंब, एवढ्या सामग्रीवर हा पसारा उभारला गेला. मालिकेतील पहिले शब्द नॅन्सीच्या तोंडी होते : सकाळी पतीला उद्देशून केलेले दोन-तीन शब्दांचे साधे अभिवादन. नॅन्सी म्हणजे हेलन वॅग्नर.

नॅन्सीच्या वाट्याला कथानकात फारसे काही नव्हते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. प्रेमभंग, अपघात, अनौरस संतती, खटले, स्मृतिभ्रंश ही दैनंदिन मालिकेची नित्याची सामग्री इतरांकडे वाटलेली. नॅन्सीने कॉफी करायची, न्याहारी वाढायची, आणि इतरांच्या आयुष्यात काय घडले ते ऐकायचे. घटना बाहेर घडत आणि वार्तेच्या रूपाने तिच्या स्वयंपाकघरात येत. नाटकाच्या परिभाषेत बोलायचे तर ती नायिका नव्हती. ग्रीक नाटकातील वृंदाशी तिचे नाते अधिक जवळचे होते. मात्र तो वृंद सामुदायिक असतो आणि त्याला काव्याचा आधार असतो. नॅन्सीपाशी एक ॲप्रन आणि एक कॉफीचे भांडे होते.

या कॉफीच्या भांड्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. मालिकेच्या आरंभकाळातच फिलिप्स यांनी वॅग्नर यांना कामावरून दूर केले. कारण काय, तर त्या ज्या रीतीने कॉफी ओतत ती रीत लेखिकेला पसंत पडली नाही. पुढे लवकरच त्यांना परत बोलावण्यात आले. नाट्यवर्तुळातील गमतीदार किस्सा म्हणून ही हकीकत पुनःपुन्हा सांगितली गेली आहे. तिच्यातील गंभीर प्रश्न मात्र कोणी विचारात घेतलेला दिसत नाही. फिलिप्स अविवाहित होत्या. दत्तक घेतलेल्या दोन मुलांना वाढवीत आणि दिवसाकाठी प्रचंड लेखन करीत त्यांचे आयुष्य गेले. गृहिणीचे जे चित्र त्यांनी रंगवले ते त्यांच्या अनुभवातले नव्हते, आकांक्षेतले असावे. लेखिकेच्या मनात एक आदर्श हात कॉफी ओतीत होता, आणि कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्षातला हात वेगळ्या रीतीने ओतीत होता. भरताने सांगितलेल्या चतुर्विध अभिनयापैकी वाचिकावर लेखकाचा अधिकार असतो. आंगिक मात्र नटाचे असते आणि ते लिहून देता येत नाही. ज्या भूमिकेत वाचिकच बेताचे आहे, तेथे कॉफी ओतणे हीच जवळजवळ सारी भूमिका. म्हणून लेखिकेने त्यावर बोट ठेवले यात तिचा विक्षिप्तपणा थोडा आणि जाण अधिक आहे. पात्र कोणाच्या ताब्यात राहणार हा झगडा होता. फिलिप्स यांचे १९७३ साली निधन झाले. नॅन्सी त्यानंतरही कित्येक दशके वॅग्नर यांच्याच हाताने कॉफी ओतीत राहिली.

१९७५ पर्यंत ही मालिका थेट प्रक्षेपित होत असे. आजच्या प्रेक्षकाला या वस्तुस्थितीचा पूर्ण अर्थ समजणे कठीण आहे. रोज नवी संहिता, रोज नवे पाठांतर, थोडी तालीम, आणि ठरल्या मिनिटाला देशभरच्या घरांत पोचणारा, दुरुस्तीस वाव नसलेला प्रयोग. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी संहिता. रंगभूमीवरील नटाला शंभराव्या प्रयोगात पहिल्या प्रयोगातील चूक सुधारता येते. दीदरोने नटाविषयीच्या आपल्या प्रसिद्ध संवादात श्रेष्ठ नटाची जी कसोटी सांगितली तीही याच पुनरावृत्तीवर आधारलेली आहे : भावनेच्या भरात अभिनय करणारा एक दिवस उत्कृष्ट तर दुसऱ्या दिवशी निःसत्त्व ठरतो, थंड डोक्याने करणारा प्रत्येक रात्री सारखा उतरतो. वॅग्नर यांना ही कसोटी लावावी कशी? त्यांनी कोणतेही वाक्य दुसऱ्यांदा उच्चारले नाही. पुनरावृत्ती होती ती प्रवेशांची नव्हे, माणसाची. रोजच्या वेगवेगळ्या शब्दांतून तीच बाई उभी राहिली पाहिजे, तिचा स्वर, तिची बसण्याची ढब, एखाद्या बातमीवर तिचे क्षणभर थांबणे हे सारे काल जसे होते तसे आजही ओळखू आले पाहिजे, हा येथला नियम. दीदरोची कसोटी अशा रीतीने उलटी करून वापरली, तर वॅग्नर तीत सहज उतरतात.

बालगंधर्वांचे उदाहरण मराठी वाचकाला येथे आठवल्यावाचून राहणार नाही. १९१६ साली ‘स्वयंवर’मध्ये त्यांनी रुक्मिणी उभी केली आणि वय उतरणीला लागल्यावरही ते तीच नवयौवना रुक्मिणी रंगवीत राहिले, नटाचे वय प्रेक्षक आपल्या स्मृतीने भरून काढीत. संहिता तेथे गोठलेली होती आणि देह पुढे जात होता. दैनंदिन मालिकेत संहिता देहाच्या मागोमाग चालते. वॅग्नर यांचे केस पांढरे झाले तेव्हा नॅन्सीचेही झाले. नॅन्सी आजी झाली, पणजी झाली, आणि तिला तसे दाखवण्यासाठी रंगभूषाकाराला काही करावे लागले नाही.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी दुपारी मालिका नेहमीप्रमाणे सुरू झाली. नॅन्सी आपल्या सासऱ्याशी बोलत होती. ती भूमिका सँटोस ऑर्टेगा करीत. मुलगा बॉब याने आपली घटस्फोटित पत्नी लिसा हिला ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणाच्या जेवणाला बोलावले आहे, आणि ते योग्य की अयोग्य, एवढाच प्रवेशाचा विषय. न्यूयॉर्कच्या घड्याळात १ वाजून ४० मिनिटे झाली असता नॅन्सीचे बोलणे चालू असतानाच पडद्यावर वृत्तविभागाची पाटी आली आणि वॉल्टर क्रॉन्काइट यांचा आवाज ऐकू आला : डॅलस येथे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या मोटारींच्या ताफ्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आहेत. स्टुडिओतील कलावंतांना याची वार्ता नव्हती. प्रयोग थेट होता, आणि ते पुढचे संवाद बोलत राहिले.

हा प्रसंग इतिहासकारांनी केनेडींच्या संदर्भात नोंदवला आहे. अभिनयाच्या अभ्यासकाने तो दुसऱ्या बाजूने पाहावयास हवा. त्या दहा मिनिटांतले वॅग्नर यांचे काम कसे आहे? त्यात काही विशेष नाही, आणि हेच त्याचे मूल्य. कोणी तरी आपल्याकडे पुढे कायम पाहत राहणार आहे याची जाणीव नसताना, वर्षातील शेकडो दुपारींपैकी एका दुपारी, एक नटी तिचे काम करीत आहे. आवाज चढवलेला नाही, हातवारे बेताचे आहेत. मुलाच्या कृतीविषयीची नापसंती शब्दांत असली तरी सुरात सासऱ्याविषयीचा आदर सुटलेला नाही. दोन्ही भाव एकाच वाक्यात सांभाळणे ही सोपी गोष्ट नव्हे; मोठ्या नाट्यमय प्रवेशात जे लपून जाते ते अशा बिनमहत्त्वाच्या संभाषणात उघडे पडते. संपूर्ण देशाच्या आयुष्यातील एका भीषण घटनेच्या अलीकडे नेमके हे घरगुती बोलणे उभे राहिले आणि तेथेच तुटले, हा योगायोग खरा. परंतु त्या तुटण्याची जाणीव इतकी तीव्र व्हावी असे काहीतरी त्या बोलण्यात आधीपासून असावे लागते. बेताल, कृत्रिम संवाद मध्येच थांबला असता तर कोणाला त्याची आठवणही उरली नसती.

रसमीमांसेतील एक संज्ञा केवळ उपमेदाखल वापरावयाची तर मालिकेतील इतर पात्रे संचारी आणि नॅन्सी स्थायी, असे म्हणता येईल. आयलीन फुल्टन यांची लिसा १९६० साली मालिकेत आली, कट-कारस्थाने केली, लग्ने केली आणि मोडली, प्रेक्षकांचा रोष व प्रेम दोन्ही मिळवले. अभिनयाला वाव म्हणून पाहिले तर लिसाची भूमिका कितीतरी समृद्ध आहे, आणि फुल्टन यांनी तिचे सोने केले यात शंका नाही. तथापि लिसाचा प्रत्येक उत्पात उत्पात वाटावा यासाठी कोठेतरी एक न ढळणारी पातळी लागते. ती पातळी वॅग्नर यांनी पुरवली. १९५८ पासून सुमारे वीस वर्षे ही मालिका आपल्या प्रकारात प्रेक्षकसंख्येने अग्रस्थानी राहिली. त्याचे श्रेय कथानकांना देण्याची प्रथा आहे. परंतु कथानके सर्वच मालिकांपाशी होती, आणि ती पुष्कळशी एकमेकांसारखीच होती.

येथे भूमिकेच्या मर्यादांविषयी स्पष्टपणे लिहिले पाहिजे. कारण वॅग्नर यांच्याविषयी जे थोडे लेखन झाले आहे ते बहुतांशी आदरांजलीच्या स्वरूपाचे आहे. ओकडेल हे दीर्घकाळ गोऱ्या, सुखवस्तू मध्यमवर्गाचे गाव होते आणि नॅन्सी त्या गावाची सदसद्विवेकबुद्धी होती. साहजिकच त्या विवेकबुद्धीत त्या वर्गाचा आत्मसंतोषही आहे. मुलांच्या विवाहात ती ज्या अधिकाराने ढवळाढवळ करते तो अधिकार मालिकेने फारसा तपासून पाहिला नाही. वॅग्नर यांनीही पाहिला नाही. निदान उपलब्ध प्रवेशांत तसे दिसत नाही. एखाद्या अधिक धाडसी नटीने नॅन्सीच्या सोज्वळपणातील दडपशाही क्वचित तरी उघडी केली असती. वॅग्नर यांचा कल पात्रावर भाष्य करण्याकडे नसून पात्राशी इमान राखण्याकडे आहे. ही त्यांची शक्ती, आणि हीच त्यांची सीमा. त्यांच्या अंगी अन्य कोणत्या भूमिकांचे सामर्थ्य होते हे या एका भूमिकेवरून सांगता येणार नाही, आणि तसा दावा त्यांच्या चाहत्यांनी करू नये.

इमान राखणे म्हणजे निमूटपणा मात्र नव्हे. १९८० च्या दशकाच्या आरंभी तरुण प्रेक्षकांच्या ओढीने मालिकेने आपली वडीलधारी पात्रे कोपऱ्यात ढकलली. महिनोन्‌महिने ह्यूज दांपत्याला काम नसे. असलेच तर कोणाच्या तरी लग्नात उभे राहण्यापुरते. वॅग्नर यांनी मालिका सोडली. दशकाच्या मध्यास डग्लस मार्लंड हे प्रमुख लेखक झाले, ह्यूज कुटुंब पुन्हा मालिकेच्या केंद्रस्थानी आणण्याचे त्यांनी ठरवले, आणि वॅग्नर परतल्या. चोपन्न वर्षांच्या विक्रमात हा खंड मिसळून टाकण्याची रीत आहे. वास्तविक तो खंड वेगळा काढून पाहिला पाहिजे. कारण भूमिका शोभेपुरती उरली असता ती करण्यापेक्षा न करणे बरे, असा निर्णय घेणारी नटी स्वतःच्या कामाला नोकरी समजत नव्हती हे त्यावरून कळते.

परतल्यानंतरचा काळ हा त्यांच्या अभिनयाचा सर्वांत महत्त्वाचा काळ मानावा लागेल. १९८६ साली डॉन मॅक्लॉक्लिन यांचे निधन झाले. पहिल्या दिवसापासून तीस वर्षे ख्रिस ह्यूजचे काम करणारे हे नट. पहिल्या दिवशीचे ते अभिवादन ज्याला उद्देशून होते तो पती. त्यांच्या जागी दुसरा नट न आणता ख्रिसचाही मृत्यू झाल्याचे मालिकेत दाखवण्यात आले. आता नॅन्सीच्या वैधव्याचे प्रवेश वॅग्नर यांना करावयाचे होते. लौकिक शोक आणि नाट्यगत शोक यांत अभिनवगुप्ताने जे अंतर सांगितले त्याच्या बळावरच करुण हा आस्वाद्य होतो. येथे ते अंतर जवळजवळ पुसले गेले होते. सहकाऱ्याच्या मृत्यूचे दुःख आणि पात्राच्या पतीच्या मृत्यूचे दुःख एकाच चेहऱ्यावर आले, आणि प्रेक्षकालाही दोन्ही ठाऊक होते. असा प्रसंग कलेच्या दृष्टीने संशयास्पद असतो. खऱ्या अश्रूंचे प्रदर्शन मांडणे ही दैनंदिन मालिकेची जुनीच खोड. वॅग्नर त्या मोहात पडल्या नाहीत. तीस वर्षे जी बाई इतरांची दुःखे टेबलाशी बसून ऐकत आली, तिने स्वतःचे दुःखही त्याच मापाने व्यक्त केले. जणू तीही एक आलेली वार्ताच होती आणि ती ऐकून घेणे हे तिचे काम होते.

यापुढे मालिकेने नॅन्सीचा दुसरा विवाह डॅन मॅक्क्लॉस्की या पोलीस अधिकाऱ्याशी लावून दिला. ही भूमिका डॅन फ्रेझर यांनी केली. काही वर्षांनी मॅक्क्लॉस्कीला अल्झायमरचा विकार जडल्याचे कथानक आले. लेखकांच्या हातून नकळत घडले असेल, पण या कथानकात फार मोठी नाट्यशक्यता होती. दीर्घ मालिकेचे सारे भांडवल म्हणजे स्मृती. प्रेक्षक पात्रांचा भूतकाळ बाळगून असतो, आणि त्या भूतकाळाची पडद्यावरील धारक नॅन्सी होती : तिला आरंभापासूनचे सर्व आठवत होते. तिच्यासमोर आता असा माणूस बसवला गेला की ज्याला सकाळचे आठवत नाही. आजवर ती जे करीत आली ते, म्हणजे ऐकणे, येथे निरुपयोगी ठरते. कारण सांगणाऱ्यापाशी सांगण्यासारखे उरत नाही. या प्रवेशांतून वॅग्नर यांनी एक नवी गोष्ट केली. त्यांनी नॅन्सीला चिडू दिले, थकू दिले. संयम सुटतो, आणि लगेच त्याबद्दलची लाज चेहऱ्यावर येते. चार दशके जपलेले माप येथे मोडले, आणि ते मोडण्याचा परिणाम झाला याचे कारण ते चार दशके जपले गेले होते. ज्या नटीने पहिल्या वर्षीच आपल्या भूमिकेत अशी चिडचीड ओतली असती तिला या वेळी खर्च करायला काही शिल्लक राहिले नसते.

२००४ साली डेटाइम एमी पुरस्कारसंस्थेने जीवनगौरव देऊन वॅग्नर यांचा सन्मान केला. त्या वर्षी तो दीर्घकाळ सेवा केलेल्या अनेक कलावंतांना एकत्रितपणे देण्यात आला होता. पती विली २००९ साली निवर्तले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वाहिनीने मालिका बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. १ मे २०१० रोजी वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी वॅग्नर यांचे निधन झाले, आणि मालिका संपण्यापूर्वी नॅन्सीचाही मृत्यू दाखवण्यात आला. १७ सप्टेंबर २०१० रोजी शेवटचा, १३,८५८ वा भाग प्रक्षेपित झाला. १९६० पासून बॉब ह्यूजचे काम करणारे डॉन हेस्टिंग्ज यांनी इस्पितळातील आपल्या कार्यालयाचा निरोप घेताना रात्रीचे अभिवादन उच्चारले. मातेच्या सकाळच्या शब्दांना पुत्राने दिलेले हे उत्तर होते. रचनेच्या दृष्टीने युक्ती सोपी आहे. पण ते उत्तर ऐकायला नॅन्सी तेथे नसावी, हे लेखकांनी योजलेले नव्हते.

अभ्यासकापुढे अखेरीस साधनांची अडचण उभी राहते. पहिला भाग उपलब्ध आहे, आणि नंतरच्या काळातील चित्रफितीही पुष्कळ आहेत. परंतु थेट प्रक्षेपणाच्या सुमारे वीस वर्षांतील बहुतेक प्रयोग जतन झाले नाहीत. ते जतन करण्याजोगे आहेत असे वाहिनीला, प्रायोजकांना किंवा स्वतः कलावंतांनाही वाटले नाही. ज्या काळात भूमिका घडली तोच काळ अशा रीतीने हरवला आहे. २२ नोव्हेंबर १९६३ ची ती दहा मिनिटे उरली ती त्यांच्यानंतर आलेल्या बातमीमुळे. आणि हेलन वॅग्नर यांच्या त्या पर्वातील अभिनयाविषयी काही म्हणावयाचे असल्यास सणाच्या जेवणाविषयीचा तो अर्धवट तुटलेला प्रवेश हाच मुख्य आधार आहे.